पाहुण्याचं कणीस

आमच्या विभागात पीएच.डी. झालेल्या माणसाला दोनच गोष्टी फुकट मिळत, बसायला खुर्ची आणि प्यायला चहा. पगार हवा असेल तर तो बाहेरून आणायचा. बाहेरून म्हणजे दिल्लीच्या एखाद्या मंडळाकडून, दक्षिणेतल्या एखाद्या न्यासाकडून, कुठल्या तरी निधीतून. पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप या भारदस्त नावाखाली. विभाग म्हणायचा, पैसे तुम्ही आणा, जागा आम्ही देतो. माझी जागा म्हणजे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं एक टेबल होतं. त्याचा खालचा खण उघडत नसे आणि वरचा उघडला की बंद होत नसे.

मानवतला आमच्या आडत दुकानाच्या ओट्यावर बसणारी मंडळी आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारायची, "पोरीचं शिकून सरलं का न्हाई अजून?" आप्पा म्हणायचे, "सरलं की. आता ती दुसऱ्याच्या पैशावर शिकायलीय." हे ते अभिमानानं सांगत, पण ऐकणाऱ्याला ते तसं वाटत नसावं. मला तर मुळीच वाटायचं नाही.

मला खरं तर नोकरी नको होती. म्हणजे हवी होती, खोटं कशाला बोलू. पण तिच्याआधी मला एक ज्वारी हवी होती.

बोरीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या जपलेलं एक जुनं वाण होतं. हुरड्याला अतिशय गोड, पण जमिनीतली ओल सरली की मान टाकणारं. दुसरं आमच्या कृषी विद्यापीठाच्या शेतावरचं, कोरड्या रब्बीतही टिच्चून उभं राहणारं, पण चवीला पुठ्ठा. या दोघांचा संकर मी पीएच.डी.च्या पहिल्या हिवाळ्यात केला. ऊन चढायच्या आत कणसाजवळ उभं राहायचं, चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग आणून झटकायचे आणि वर कागदी पिशवी चढवायची. मान आखडते, डोळे भरून येतात, आणि बांधावरून जाणारा कुणीतरी विचारतोच, "ताई, काय हुडकायल्या?"

संकर केला म्हणजे वाण मिळालं असं नसतं. पुढच्या पिढ्यांत प्रत्येक झाड वेगळं निघतं. एक आईवर जातं, एक बापावर, बरीचशी कुणावरच जात नाहीत. त्यातून निवडत जायचं, निवडलेलं पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं. यात सात-आठ हिवाळे सहज जातात. पीएच.डी. त्याच्या कितीतरी आधी संपते. मग ज्वारी अर्ध्यात आणि तुम्ही फाटकाबाहेर. पुढच्या कुणाला तुमच्या ओळी पेराव्याशा वाटल्या तर ठीक, नाहीतर बियांची पाकिटं शीतगृहात पडून राहतात. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी फेलोशिपच्या मागे लागले. तिच्याशिवाय माझ्या ओळींपाशी राहायची दुसरी वाट मला दिसत नव्हती.

विभागाची एक रीत होती. कुणाचाही अर्ज बाहेर जाण्याआधी दुपारच्या चहाला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. अर्ज इंग्रजीत, भांडण मराठीत. एकजण म्हणायचा, उद्दिष्टं फार झाली. दुसरी म्हणायची, कमी पडतात. विभागप्रमुख सर डोळे मिटून ऐकत आणि मध्येच एक डोळा उघडत. "ह्या 'अत्यंत महत्त्वपूर्ण'चं इथं काय काम हाय? काढ. महत्त्वाचं हाय का न्हाई ते वाचणारा ठरवील." रागावून मी शब्द काढायची. आठवड्यानं तोच परिच्छेद वाचताना तो शब्द तिथे कधी होता हेसुद्धा आठवत नसे. सर माझे गाईड होते, आणि फेलोशिप मिळाली तर मेंटरही तेच होणार होते. संमतिपत्रावर सही करताना दर वेळी म्हणत, "हे शेवटचं बरं का." आणि पुढच्या वेळी पेन आधीच उघडून बसत.

पहिल्या अर्जावर उत्तर आलं की कल्पनेत नावीन्य नाही. दुसऱ्या अर्जावर, दुसऱ्या मंडळाकडून, उत्तर आलं की कल्पना फारच नवी असून ती साध्य होईल का याबद्दल शंका आहे. कल्पना तीच होती. दोन्ही उत्तरं मी चहाला वाचून दाखवली, सगळे हसले, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. वयाची अट जवळ येत होती. माझ्याबरोबरच्या दोघी कधीच्या बँकेत लागल्या होत्या, एक लग्न होऊन राणीसावरगावला गेली होती आणि तिच्या पोराच्या बारशाला मी जाऊन आले होते. सगळ्यांचं काही ना काही चाललं होतं. माझी ज्वारी चालली होती, तीही सरांच्या मेहेरबानीनं, बांधाकडेच्या चार ओळींत.

त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. डिसेंबरात माझ्या ओळी खालून वर वाळत गेल्या. रोज सकाळी जायची आणि एकेक झाड मनातून खोडायची. तिसऱ्या ओळीत मात्र एक झाड होतं. आजूबाजूची भावंडं करपत असताना हे खालच्या पानापर्यंत हिरवं. कणीस असं टपोरं की झाडाची मान किंचित झुकलेली. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि मला चक्क लाज वाटली, कुणी नवखा पाहुणा आपल्याकडे बघतोय तशी. नंतर दिवसातून दोनदा मी काहीतरी निमित्त काढून तिकडे जाऊ लागले. प्रेमात पडलेल्या माणसांना मी पूर्वी हसायची. तेव्हापासून हसणं बंद केलं.

फुलोऱ्यात बांधलेली कागदी पिशवी दवानं भिजली आणि राघूंनी फाडली. तेव्हा मी जुनी पांढरी सुती ओढणी फाडून त्याच्या कणसाला नीट फडकं बांधलं. बुंध्याला चिठ्ठी होतीच. त्याचा एक दाणाही मी तोंडात टाकला नाही. दोन दाणे चाखून काही बिघडणार नव्हतं, सरही म्हणाले, "बघ तरी, बोरीची ग्वाडी उतरलीय का." पण मीच माझ्यावर बंदी घातली होती. सगळं बी होऊ दे, पुढच्या वर्षी त्याची अख्खी ओळ होईल, मग पोटभर खाऊ. हावरट माणसाला असला संयम फार थोर वाटतो.

तिसरा अर्ज, दक्षिणेतल्या एका न्यासाकडचा, मी त्या झाडाभोवतीच लिहिला. त्याचा फोटो लावला. चहाला वाचला तेव्हा कुणी भांडलं नाही, तेव्हाच मला कळलं की यावेळी काहीतरी जमलंय. न्यासाकडून निरोप आला की जानेवारीत त्यांचे एक तज्ज्ञ प्रत्यक्ष येऊन काम बघतील आणि त्यांच्या शिफारशीवर निर्णय होईल.

मी आप्पांना फोनवर सांगितलं ते सहज. म्हटलं, गुरुवारी दक्षिणेकडचे एक मोठे साहेब माझी ज्वारी बघायला येतायत, त्यांच्यावर सगळं आहे.

"जेवायचं काय त्यांच्या?" आप्पांनी विचारलं.

"ते बघतील विभागात. तुम्ही काळजी करू नका."

"विभाग काय बघतंय? बिस्कुटं देतंय," आप्पा म्हणाले.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं तज्ज्ञ आले. बुटके, शांत, पायात साध्या चपला. हिंदी तोडकीमोडकी बोलत. त्यांनी माझं सादरीकरण ऐकलं, प्रयोगशाळा पाहिली, आकडे उलटसुलट विचारले. माझ्या टेबलाचा वरचा खण उघडा होता, तो त्यांनी जाताजाता गुडघ्यानं ढकलला आणि तो पुन्हा उघडला. ते हसले. मला ते आवडले. शेवटी त्यांनी फाइलमधल्या फोटोवर बोट ठेवलं. "अब ये दिखाइए."

सर, ते आणि मी असे तिघं शेताकडे निघालो. लांबूनच धुराचा वास आला. गोवऱ्यांच्या धुराचा. बांधाजवळ पोहोचलो तर आप्पा. धोतर, टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि समोर आगटी पेटवलेली. मानवतहून सकाळची एसटी पकडून आले होते. सोबत पोत्यात गोवऱ्या, डब्यात दही, तिळाची चटणी, लसणाची चटणी, गूळ. कणसं आरात भाजून, पोत्यावर चोळून, पाखडून हुरड्याचा ढीग केलेला. माझ्याकडे बघून असे हसले की जणू परीक्षेचा पेपर त्यांनीच सोडवून ठेवला होता.

"या साब, या. गरम है तब तलक खाव," आप्पा त्यांच्या ठेवणीतल्या हिंदीत म्हणाले. निजामाच्या वेळच्या शाळेत शिकलेल्या त्यांच्या वडलांकडून ती त्यांच्याकडे आली होती, आणि ती ते फक्त मोठ्या माणसांसाठी वापरत.

माझी नजर तिसऱ्या ओळीकडे गेली. तिथे फट होती. बुंधा होता, चिठ्ठी होती, हिरवी पानं होती. वर काही नव्हतं.

आप्पांच्या मांडीशेजारी पांढरं फडकं घडी घालून ठेवलेलं होतं.

आमच्या मानवतकडे, म्हणजे आप्पांच्या लहानपणीच्या शेतात, थंडी पडली की मालक सगळ्या वावरात हिंडून सर्वांत भरदार चार-दोन कणसं निवडायचा आणि त्यांना फडकं बांधायचा. पाखरांनी शिवू नये म्हणून. ती पाहुण्याची कणसं. घरातलं कुणी त्यांना हात लावत नसे, पोरं रडली तरी. पाहुणा आला की फडकं सोडायचं. आप्पांनी बाकीचा हुरडा प्रयोगात नसलेल्या, कडेच्या जादा ओळींतून काढला होता, तेवढं त्यांना कळत होतं. पण पोरीच्या ओळीत एकच कणीस फडकं बांधून राखलेलं दिसलं, आणि आज पोरीचा पाहुणा येणार होता. त्यांना दुसरं काय वाटणार?

"हे येगळं भाजलंय," त्यांनी एक छोटी परात पुढे केली. "तू बांधून ठिवल्यालं. साहेबाला हे दे, माय."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी तोंड उघडलं, मी त्यांच्या दंडाला हात लावला. तोवर इतक्या वर्षांत सरांना मी कधी स्पर्श केला नव्हता. त्यांनी तोंड मिटलं.

तज्ज्ञांनी चार दाणे तोंडात टाकले. चावता चावता थांबले. पुन्हा चार घेतले, या वेळी चटणी न लावता. मग फाइल उघडून त्यांनी फोटो पाहिला, ओळीकडे पाहिलं, बुंध्याला लटकणारी चिठ्ठी पाहिली, परातीकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. आप्पा त्यांच्याकडे टक लावून बसले होते, पसंती ऐकायला.

"बहुत मीठा," ते म्हणाले.

"माझ्या लेकीचं हाय," आप्पा मराठीतच म्हणाले. आनंदात त्यांची हिंदी संपून गेली होती.

तज्ज्ञांनी परात माझ्यापुढे धरली. इंग्रजीत, आप्पांना कळू नये अशा हळू आवाजात ते म्हणाले की तुम्ही पण खा, यापुढे चाखायला मिळणार नाही. मी मूठभर घेतला. कोमट होता. आधी धुराचा वास आला, मग दुधासारखी गोडी आली. ती गिळल्यावरही जिभेवर राहिली, आणि तिच्या मागून एक अगदी हलका, हिरव्या हरभऱ्यासारखा स्वाद आला जो मी बोरीच्या वाणात कधी चाखला नव्हता, कशातच चाखला नव्हता. मी सगळी वर्षं ज्याच्यासाठी घालवली होती ते बरोबर होतं. माझा अंदाज खरा होता. मला ओरडावंसं वाटलं, आनंदानं की कशानं ते मला आजही सांगता येत नाही. मी चावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा आप्पा म्हणाले, "धूर लागला, इकडं सरक."

परत येताना तज्ज्ञांनी विचारलं, आता काय करणार? मी खरं ते सांगितलं. त्या झाडाचं बी गेलं. ज्या बियांतून ते उगवलं त्याच पाकिटातलं उरलेलं बी शीतगृहात आहे, म्हणजे त्याची भावंडं आहेत. ती पेरून त्याच्यासारखं पुन्हा मिळतं का ते शोधीन. हुबेहूब तेच मिळणार नाही. माणसाचं जसं, तसं झाडाचं. पण जवळचं मिळू शकेल. त्यांनी फाइल मिटून काखेत घातली. मग म्हणाले, अर्जात दुरुस्ती करून पाठवा. आणि सरांना म्हणाले की वडलांना यातलं काही सांगू नका. सर म्हणाले, "आमी कशाला सांगतो."

उन्हाळ्यात फेलोशिपचं पत्र आलं. चहाला पेढे मीच आणले. आप्पांनी दुकानाच्या ओट्यावर सगळ्यांना सांगितलं की साहेब मोठा कडक होता, पण हुरडा खाल्ला आणि विरघळला. "माझ्या हाताचा हुरडा," असं ते छातीवर बोट ठेवून सांगत, सदऱ्याच्या आत जिथे गळ्यातलं इष्टलिंग असतं तिथेच. आमच्या घरी शपथ घ्यायची ती जागा. आडतीवर बसून आयुष्यभर दुसऱ्यांचं धान्य मोजलेल्या माणसाला पोरीच्या शिक्षणात पहिल्यांदाच स्वतःचा हात लागल्यासारखं वाटत होतं. तो आनंद त्यांच्याकडून काढून घ्यायची माझी छाती झाली नाही आणि होणारही नाही. मला त्यांचा राग आला होता का? आला होता. आठवडाभर मी फोन उचलला नव्हता, कामात आहे म्हणून सांगितलं होतं. मग एका सकाळी त्यांचा आवाज ऐकायची इतकी ओढ लागली की मीच लावला. विरह दोन-दोन कसे झेपणार?

फेलोशिपच्या पहिल्या हिवाळ्यात मी भावंडं पेरली. एकही दाणा न चाखण्याचं व्रत मोडून टाकलं होतं; आता प्रत्येक झाडाचे दोन-तीन दाणे मी चघळून बघायची. हिरवी राहिलेली गोड नव्हती. गोड होती ती वाळत होती. दुसऱ्या हिवाळ्यात एक सापडलं, हिरवंही आणि गोडही. सर म्हणाले, झालं की तुझं काम, याचंच वाण कर. कागदावर ते खरोखर चांगलं आहे, त्याच्यावर शोधनिबंध झाला, पुढेमागे वाणही होईल. पण ते चावून झालं की संपतं. मागून काही येत नाही. हे कुठल्या यंत्रावर मोजता येत नाही आणि कुठल्या अहवालात लिहिता येत नाही. जगात ती चव चौघांना ठाऊक आहे, कारण भाजताना आप्पांनी दोन दाणे चाखले होते आणि परातीतली शेवटची चिमूट सरांनीही मुकाट्यानं तोंडात टाकली होती. सर आणि मी तिच्याबद्दल कधी बोलत नाही. एकदाच, दुसऱ्याच कशावर बोलत असताना, सर खिडकीतून बघत म्हणाले, "हरभऱ्यावानी होतं न्हाई का काहीतरी?" मी म्हटलं, होतं. मग आम्ही पुन्हा आधीच्या विषयावर आलो.

आता फेलोशिप संपत आलीय. शीतगृहातल्या त्या पाकिटात थोडंच बी उरलंय, एका हिवाळ्यापुरतं. म्हणून मी पुन्हा अर्ज करतेय, दुसऱ्या मंडळाकडे. गेल्या आठवड्यात चहाला वाचला. उद्दिष्टात मी सगळं शास्त्रीय लिहिलंय. मला ते झाड परत हवंय, मला त्याची आठवण येते, असं लिहायला त्यात रकाना नाही. असता तर मी तेवढंच लिहिलं असतं.

परवा आप्पा आले. दर जानेवारीत येतात, तोच डबा, त्याच चटण्या. आता मी स्वतः कणसं काढून देते. त्यांना बांधावर बसवलं आणि माझ्या त्या नव्या, निबंधातल्या झाडाच्या ओळीतला हुरडा भाजायला दिला. त्यांनी चोळला, फुंकला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले.

"चांगला हाय," ते म्हणाले.

मी आरातलं कणीस उलटवलं.

"पण त्या साली साहेब आल्ते, तवाचा लय येगळा होता. अजून ध्यानात हाय माझ्या. गिळल्यावर मागून काहीतरी यायचं बघ."

"हो, आप्पा."

"ते वाण कामून पेरीनास मग?" त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. "पेर की माय. मला एकदा पुन्हा खायचंय."

"पेरते," मी म्हटलं.